घर अकरा महिन्यांचं, पिल्लू जन्माचं

आधी मला एवढंच सांग, तुझा भाड्याचा करार कधी संपतोय?

पिल्लाबद्दल विचारलं आणि ताई करार काय काढून बसली, असं वाटेल तुला. पण निगडी-आकुर्डीपासून भोसरी, मोशी आणि पुढे चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात कितीतरी कुत्र्या-मांजरांचं नशीब त्या ११ महिन्यांच्या कागदावर ठरतं. लातूर-बुलढाण्याहून, बिहार-ओडिशाहून पोरंपोरी येतात, कंत्राटावर लागतात, तिघं-चौघं मिळून रूम घेतात. घरची आठवण येत असते, कंपनीच्या गेटवर एखादं पिल्लू पायात घोटाळतं आणि ते रूमवर येतं. हे सगळं मायेनंच होतं, कुणाच्या मनात वाईट नसतं. मग कंत्राट संपतं, नाहीतर गुजरातेत साणंदला बदली होते, नाहीतर लग्न ठरतं. नवा घरमालक म्हणतो, प्राणी चालणार नाहीत. तोवर पिल्लाचं कुत्रं झालेलं असतं, गादीवर झोपायची आणि हातातून खायची सवय लागलेलं. ज्या गेटवरून आणलं त्याच गेटवर त्याला नेऊन सोडतात. तिथल्या कुत्र्यांना ते परकं असतं, आणि ट्रकच्या चाकाला भ्यायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

साधं देशी कुत्रं घरात नीट सांभाळलं तर १२ ते १५ वर्षं जगतं. घरातच राहणारी मांजर कधी त्याहूनही जास्त. तुझी नोकरी अजून कायम नाही, आई लातूरहून स्थळं पाठवतेय, आणि रूम तिघींच्या नावावर आहे. म्हणून तुला स्पष्ट सांगते: हे पिल्लू आज दत्तक घेऊ नकोस. फॉस्टर कर. त्याला कायमचं घर मिळेपर्यंत दीड-दोन महिने तुझ्याकडे ठेव, बरं कर, लशी दे, माणसात राहायला शिकव, आणि मग चांगल्या घरी दे. जिथं निम्मं गाव भाड्याने राहतं, तिथं या जिवांवर माया करायची ही सगळ्यात खरी रीत आहे, असं माझं पक्कं मत झालंय. जेवढं पाळता येईल तेवढंच वचन द्यायचं, पण तेवढं अगदी चोख पाळायचं.

तू म्हणालीस, कुठल्या तरी संस्थेत नेऊन देते. संस्था आहेत आणि त्या मनापासून काम करतात. बावधनची रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट २००७ पासून पुण्यात जखमी आणि आजारी प्राण्यांवर उपचार करतेय. आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचं निर्बीजीकरणाचं केंद्र नेहरूनगरला आहे. पण या जागा नेमक्या कशासाठी आहेत ते समजून घे. नेहरूनगरला भटक्या कुत्र्यांची नसबंदी होते, रेबीजची लस टोचतात, कानाला छोटी खाच पाडतात आणि कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडतात. २०२३ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे हेच करायचं असतं. तिथं पिल्लं वाढवायची सोय अपेक्षितच नाही. आणि धडधाकट पिल्लाला दवाखान्याच्या गर्दीत ठेवणं त्याच्याच जिवावर बेततं, कारण बिनलशीच्या पिल्लाला गॅस्ट्रो, म्हणजे पार्वो, तिथेच लागायची भीती. म्हणून संस्थेतली मुलं तुला सांगतील, उपचाराचं आम्ही बघतो, ठेवून घ्यायला कुणी आहे का? त्यांना खरी कमी आहे ती घरांची. पाण्याची वाटी, एक खोकं आणि दार लागणारी एक खोली, एवढंच त्यांना हवं असतं.

शिवाय तुझी कंपनी महाळुंग्याला. इंद्रायणी ओलांडली की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द संपते. पुढे चाकणला नगरपरिषद, आणि कुरुळी, निघोजे, महाळुंगे ही सगळी ग्रामपंचायतींची गावं. कारखाने जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे, पण कुत्र्यांची नसबंदी करायला महापालिकेसारखी यंत्रणा ग्रामपंचायतीकडे कुठून असणार? कॅन्टीनचं उरलंसुरलं खाऊन तिथं कुत्री वाढतात, पावसाळा सरला की गेटागेटावर पिल्लं दिसायला लागतात. सिक्युरिटीचं कंत्राट बदललं की नवा सुपरवायझर त्यांना टेम्पोत घालून लांब कुठंतरी सोडून यायला सांगतो. हे नियमात बसत नाही, आणि त्याचा उपयोगही होत नाही. रिकाम्या झालेल्या जागी थोड्याच दिवसांत दुसरी कुत्री येतात, तीही नसबंदी न झालेली. तुझ्या एचआरला हे सांगायची वेळ येईल तेव्हा शांतपणे सांग. आहेत त्याच कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून घ्यायला कंपनीने मदत केली तर गेट सगळ्यात सुरक्षित राहील.

आता तुझ्या पिल्लाकडे येते. त्याची आई नाशिक हायवेवर गाडीखाली गेली हे तू डोळ्यांनी पाहिलंस, म्हणून त्याला उचललंस ते बरोबरच केलंस. एरवी मात्र घाई करायची नाही. आई जिवंत असेल तर ८ आठवड्यांच्या आत पिल्लू तिच्यापासून तोडू नये. ती खायला शोधायला गेलेली असते, येते परत. लांब उभं राहून वाट बघायची. मांजरीचं तर विशेष लक्षात ठेव: ती पिल्लं एकेक करून जागा बदलत नेते, मधल्या वेळात एखादं एकटं दिसतं आणि आपल्याला वाटतं टाकून गेली. पिल्लू गरम आहे, पोट भरलेलं आहे, शांत झोपलंय, तर त्याची आई जवळपासच आहे. गार पडलेलं, अंगावर माशा, सारखं ओरडतंय, तर उचल. आणि पावसाळ्यात पार्किंगमधली गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय सगळ्या सोसायटीला लाव. मांजरीची पिल्लं इंजिनच्या उबेला जाऊन बसतात.

त्या हायवेवरून आठवलं. पुण्यात टाटा एल्क्सीत काम करणारा शंतनू नायडू नावाचा तरुण इंजिनिअर होता. रात्री कामावरून परतताना गाड्यांखाली चिरडलेली कुत्री त्याला दिसायची. अंधारात ड्रायव्हरला कुत्रं लांबून दिसतच नाही, हे त्याच्या लक्षात आलं, आणि मित्रांना घेऊन त्यानं जुन्या जीन्सच्या कापडापासून चमकणारे पट्टे शिवले आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या गळ्यात घातले. मोटोपॉज नाव दिलं त्या कामाला. पुढं रतन टाटांशी त्याची गाठ पडली ती याच पट्ट्यांमुळे. तुमच्या गेटवरच्या मोठ्या कुत्र्यांसाठी असे पट्टे मागव. मेंटेनन्सवाल्यांकडे चमकणारी टेप असतेच, त्यातूनही होतील. फक्त गळ्यात दोन बोटं सहज जातील इतके सैल ठेव.

पिल्लू घरी आलं की आपल्या बायकांचा पहिला विचार आंघोळीचा. घालू नकोस. दमलेलं, अशक्त पिल्लू आंघोळीनं गारठतं. ओल्या फडक्यानं पूस, कोरडं कर, खोक्यात जुनी चादर घाल, आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका कडेला ठेव, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. गोचिडी चिमट्यानं काढ. रॉकेल लावू नकोस आणि दुकानातली गोचिडांची पावडर इतक्या लहान जिवाला डॉक्टरांना न विचारता चोळू नकोस. दूध-पोळी तर मुळीच नको. गाईच्या दुधानं पिल्लांना हगवण लागते, आणि या वयात हगवणीतून अंगातलं पाणी गेलं की एका दिवसात पिल्लू हातचं जातं. त्याला दात आलेत म्हणतेस ना? मग मऊ शिजवलेला भात आणि बिनमिठा-मसाल्याचं, हाडं काढलेलं चिकन कुस्करून, किंवा पिल्लांचं तयार खाणं पाण्यात भिजवून, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. शिजवलेलं हाड कुत्र्याला कधीच द्यायचं नाही, मोठं झाल्यावरसुद्धा. त्याची कुसळं होतात आणि आतडं फाडतात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. जंताचं औषध लगेच सुरू होतं आणि तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी द्यायचं. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. लशी पूर्ण होईपर्यंत त्याला खाली बागेत, इतर कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडायचं नाही. गॅस्ट्रोचा विषाणू मातीत आणि फरशीच्या फटीत महिनोन्महिने टिकतो. म्हणून पहिले पंधरा दिवस त्याला वेगळ्या खोलीत, नाहीतर बाथरूमशेजारच्या कोपऱ्यात ठेव, आणि फरशी ब्लीचनं पूस, एक भाग ब्लीचला ३० भाग पाणी. पिल्लू सुस्त झालं, खाणं टाकलं, उलट्या झाल्या, शीला रक्ताचा उग्र वास यायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री दवाखाना. गॅस्ट्रोत सलाईन वेळेवर लागलं तर पिल्लं वाचतात. मी वाचलेली पाहिलीत, आज ती मोठी होऊन दार फोडतील असं भुंकतात.

तुझ्या स्वतःच्या जिवाचंही बघ, याबाबत मी कडक आहे. पिल्लू कितीही गोड असलं तरी त्याची आई लस घेतलेली होती की नाही हे तुला माहीत नाही. दात लागून कातडी फाटली, रक्त आलं, तर साबण लावून नळाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. मग सरळ वायसीएम रुग्णालय किंवा जवळचा सरकारी दवाखाना आणि लशीचे ठरलेले सगळे डोस, मधला एकही न चुकवता. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की मग हातात काही उरत नाही. त्याआधी मात्र सगळं हातात असतं. पुढं वारंवार फॉस्टर करायचं ठरवलंस तर डॉक्टरांना विचारून स्वतःला आधीच लस टोचून घे. मी घेतली आहे.

रूमवर जमेल का, हे तुझं दुसरं भय. मला तर वाटतं, शिफ्टवाल्या मुलींच्या रूमइतकं पिल्लू सांभाळायला सोयीचं घर दुसरं नाही. तू पहिल्या शिफ्टला, दुसरी रात्रपाळीला, तिसरी जनरलला. घरात चोवीस तासांत सदा कुणीतरी असतंच. नोकरीवाल्या नवरा-बायकोच्या मोठ्या फ्लॅटमध्ये पिल्लू दहा तास कोंडलेलं असतं. दारामागे एक कागद चिकटव: खाणं किती वाजता दिलं, शी कशी झाली, औषध दिलं का. रात्रपाळीवाली झोपेत असताना पिल्लू तिच्या खोलीत जाऊ द्यायचं नाही, एवढा नियम केला तर भांडण होणार नाही. खर्चाचं आजच बोलून घ्या तिघी. संस्थेमार्फत फॉस्टर केलंस तर लशी-औषधांचा भार पुष्कळदा संस्था उचलते, पण ते आधी विचार, गृहीत धरू नकोस.

घरमालकापासून मात्र लपवायचं नाही. सोसायटीला प्राणी पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्येच तसं लेखी कळवलंय. पण घरमालकाशी तुझा करार वेगळा, तिथं गोडीनंच घ्यावं लागतं. ‘काका, दीड-दोन महिन्यांसाठी आहे, लस दिलेली आहे, घर खराब झालं तर आम्ही करून देऊ’ असं सांगितलं की बरेच जण हो म्हणतात. कायमचं म्हटलं असतंस तर म्हणाले नसते. फॉस्टर करण्यात हाही फायदा आहे.

आणि लातूरला आईला फोनवर नुसतं ‘कुत्रं आणलं’ सांगू नकोस, ती घाबरेल. तिच्या देवघरात दत्तगुरू आहेत ना, पायाशी चार कुत्री असलेले? नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, ही गोष्ट तिनंच तुला सांगितली असेल. त्या गोष्टीतून सुरुवात कर.

तुझी मैत्रीण आळंदी रोडला राहते, तिला मांजरीचं पिल्लू हवंय म्हणालीस. तिला माझा निरोप दे. देहू-आळंदीच्या आसपास आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ. घरात मांस-मासे येणार नाहीत, आणि त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण मांजर वरण-भातावर जगत नाही. टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो, तो नसला की डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. मांजरांचं तयार खाणं पाकिटातून थेट वाटीत घालणं घरच्यांना चालत असेल तर मांजर घ्यावी. तेही चालत नसेल तर कुत्र्याचा विचार करावा, कुत्रं शाकाहारात डॉक्टरांच्या सल्ल्यानं निभावून नेतं. मांजरीच्या घरात आणखी तीन गोष्टी: फरशीला फिनेल नको, पाय चाटल्यावर ते तिच्या पोटात जातं आणि विषासारखं बाधतं. ताप वाटला म्हणून क्रोसिन नको. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनंही मांजर मरू शकते. कुत्र्यांचं गोचिडांचं औषधही तिला चालत नाही. आणि तुझी मैत्रीण वाकड-पुनावळ्याच्या टॉवरमध्ये राहायला गेली, तर आधी बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी, मग मांजर. मांजर कधी पडत नाही हा समज खोटा आहे. कबुतरामागे झेप घेतली की बाराव्या मजल्यावरून खाली. वाळूच्या ट्रेचा खर्च झेपत नसेल तर लाकडी पॅलेट बनवणाऱ्यांकडून भुसा मागून आणा, आपल्या पट्ट्यात त्याला तोटा नाही. फक्त पाणी आणि केमिकल न लागलेला घ्या.

आता या सगळ्यातला अवघड भाग, घर शोधणं. फोटो काढशील तेव्हा उजेडात, पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढ. खाली ‘प्लीज वाचवा’ वगैरे लिहू नकोस. दयेनं घेतलेलं पिल्लू दया आटली की परत येतं. वय, नर की मादी, कोणत्या लशी झाल्या, स्वभाव कसा, काय जमत नाही, हे खरं लिही. रात्री रडतं तर रडतं असं लिही. तुझं पिल्लू मादी आहे आणि काळी आहे, म्हणजे फोन कमी येतील, याची तयारी ठेव. लोकांना नर हवा असतो आणि काळा रंग नको असतो. मला याचा राग येतो आणि तो येत राहणार. मादी नको म्हणणाऱ्याला एवढंच सांग, सहाव्या महिन्याच्या सुमारास नसबंदी केली की पिल्लांचा प्रश्न मिटतो, आणि पुढं गर्भाशय सडण्याचा आणि स्तनांच्या गाठींचा धोकाही कितीतरी कमी होतो. देशी कुत्रं कशाला, असं कुणी म्हटलं तर रतन टाटांचं उदाहरण दे. गोव्याहून आणलेलं रस्त्यावरचं कुत्रं त्यांचं लाडकं होतं, त्याचं नावच गोवा. टाटांच्या बॉम्बे हाउससारख्या कचेरीत भटक्या कुत्र्यांसाठी वेगळी खोली आहे. पिंपरीत टाटांच्या टेल्कोच्या पगारावर उभी राहिलेली घरं गल्लोगल्ली आहेत, त्यांना हे उदाहरण लगेच पटतं.

फोन आला की लाजायचं नाही, सगळं विचारायचं. घर स्वतःचं की भाड्याचं? मालकाला माहीत आहे का? दिवसभर घरी कोण? दिवाळीत, मे महिन्यात गावी जाता तेव्हा याला कोण बघणार? आधी कुत्रं होतं का, त्याचं पुढं काय झालं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक, त्यात माणूस कळतो. ‘मुलीच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय’ म्हणाले तर नाही म्हण. नसबंदी करणार नाही म्हणाले, तरी नाही.

‘शेतावर राखणीला हवं’ असाही फोन येईलच, खेड, शेल-पिंपळगाव, वाडा अशा भागातून. शेतावरचं घर वाईट असतं असं मी म्हणणार नाही; काही कुत्री तिथं राजासारखी राहतात. दोनच गोष्टी विचार: दिवसभर साखळीला बांधणार का, आणि रात्री कुठं झोपणार? खेड, आंबेगाव, जुन्नर हा बिबट्यांचा भाग. उसाच्या कडेला रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला ताटात वाढलेलं जेवण, सुटून पळायचीही सोय नाही. रात्री बंद खोलीत किंवा दाराच्या आत घेणार असतील, रेबीजची लस दरवर्षी देणार असतील, तर दे. नसतील तर नको, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो.

घर पसंत पडलं तरी पिल्लू रस्त्यात, चौकात, हिंजवडीच्या सिग्नलला हातात द्यायचं नाही. त्यांच्या घरी जा, चहा घे, बाल्कनी बघ, सासूबाई काय म्हणतात ते ऐक. घरातल्या एकाचाही मनापासून नकार असेल तर तिथं पिल्लू टिकत नाही. कागदावर लिहून घे: नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, नसबंदी करण्याची हमी, आणि सोडायची वेळ आली तर तुला कळवायची अट. लशीचं कार्ड त्यांच्या हातात दे. महापालिका हद्दीत कुत्र्याचा परवाना काढावा लागतो, तेही सांग. प्राण्याला उपाशी मरेल असं सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड त्या कायद्यात आजही १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाला कोण भिणार? म्हणून माणूस पारखून घेण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं.

मोठ्या कुत्र्यांचंही तुझ्या मनात असू दे. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं की नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं त्याच्या भागात परत सोडा, पिसाळलेलं किंवा हल्ले करणारं सोडून. आणि ज्याला दत्तक घ्यायचं त्यानं पालिकेकडे अर्ज करावा, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याची. मग ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला: शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्टेशनं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथं सोडू नका. विचार कर, वल्लभनगरच्या एसटी आगारात किंवा एखाद्या कॉलेजच्या पायरीवर वर्षानुवर्षं माणसांच्या हातून खाल्लेलं शांत, वयस्क कुत्रं. असल्या कुत्र्यांसाठी आता घर नाहीतर पिंजरा, तिसरी वाट उरली नाही. ती घरात पिल्लापेक्षा लवकर रुळतात. चावाचाव करत नाहीत, शी-शूची वेळ पाळतात. पुढच्या वेळी फॉस्टर करशील तेव्हा पिल्लाऐवजी असं एखादं कुत्रं घे, हे माझं तुझ्याकडे मागणं आहे.

आणि हो, तू रडणार आहेस. दोन महिने कुशीत झोपलेली पोर दुसऱ्याच्या गाडीत बसून जाते तेव्हा घशाशी येतंच, मलाही अजून येतं. तेव्हा मनात येईल, मी हिला टाकलं. टाकलं नाहीस गं. तू तिचं आजोळ झालीस. आजोळी लाड होतात, अंगावर मूठभर मांस चढतं आणि लेकरू आपल्या घरी जातं. तिला सवय व्हायला वेळ लागेल, तसं नव्या घरच्यांनाही सांग: पहिले दोन-तीन दिवस खाणार नाही, पलंगाखाली बसेल, रात्री रडेल. ओढून बाहेर काढू नका, पाहुणे बोलावू नका, फटाके-डीजेच्या दिवसांत तर मुळीच नेऊ नका. घराची रीत कळायला तीन आठवडे, आणि हे आपलंच घर आहे असं वाटायला तीन महिने धरून चाला.

तरीही देववलं नाही तर? ठेवून घेणारेही आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण तेव्हा माझा पहिला प्रश्न पुन्हा स्वतःला विचार, आणि हेही लक्षात घे की तुझ्या रूममध्ये जागा एकाच पिल्लाची आहे. ही राहिली तर थंडीत गेटवर सापडणारं पुढचं पिल्लू कुठं नेशील? मी स्वतः एक मांजर ठेवली, ती आंधळी होती आणि कुणी विचारत नव्हतं म्हणून. बाकी सगळी दिली. देत राहिले म्हणून पुढची घेता आली.

एक गोष्ट पिल्लू देताना न विसरता बोल. त्यांना सांग, काही झालं, बदली झाली, घर बदललं, मूल झालं, ॲलर्जी निघाली, तर रात्री-अपरात्री फोन करा. पण हिला रस्त्यावर सोडू नका, परस्पर दुसऱ्याला देऊ नका. आणि खरंच परत आणलं तर त्यांना दारात उभं करून बोल लावू नकोस. बोल लावलेला माणूस पुढच्या वेळी फोन करत नाही, हायवेला गाडी थांबवतो. तुझ्या रूमवर तेव्हा दुसरं पिल्लू असेल तर मला कळव, निगडी प्राधिकरणातल्या माझ्या घरची मागची खोली त्याच कामाची आहे.

आज तुझी पहिली शिफ्ट ना? तीनला सुटलीस की पिल्लू घेऊन थेट दवाखान्यात ये. लशीच्या कार्डावर नाव लागेल, तेवढं वाटेत ठरव.